त्र्यंबकाची ओहोटी

ठाण्यात त्या काळी कोणाच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं हे जाणून घ्यायला फारशी खटपट लागत नसे. वारावर जेवणारा एखादा मुलगा गाठायचा, ओटीवर बसवायचा आणि गोडीगुलाबीने विचारायचं. शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी जेवणार, मंगळवारी दुसऱ्या; म्हणजे आठवडाभरात सात माजघरांचा साक्षीदार. पण पोंक्ष्यांचा त्र्यंबक या कामी अगदी कुचकामाचा निघाला. तो कोणाबद्दल चकार शब्द काढत नसे. उलट सातही घरं त्याच्याबद्दल बोलत.

मुलगा चौदा वर्षांचा, बोरूसारखा सडसडीत, मान जरा पुढे. बाप शीळच्या पलीकडच्या एका खेड्यात भिक्षुकी करी. आगगाडी ठाण्यात येऊन एक पिढी होऊन गेली होती, इंग्रजी शाळेतून निघालेली मुलं कचेरीत खुर्चीवर बसू लागली होती, आणि आपल्या मुलानेही बसावं असं बापाला वाटे. ते जमवून दिलं गुरुदत्तपंतांनी. पंत म्हणजे कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार, नौपाड्यातलं वजनदार घर. मुलाचं पाठांतर ऐकून ते खूश झाले. शाळेत नाव घालून दिलं, निजायला तलावाकाठच्या देवळाची ओवरी मिळवून दिली, आणि स्वतः दारोदार जाऊन सात वार लावून दिले. गुरुवार स्वतःच्या घरी ठेवला, कारण गुरुवार दत्ताचा. तेव्हा सगळी मेख अशी, की पंतांचा शब्द होता म्हणून सात घरं होती, आणि सात घरं होती म्हणून शाळा होती.

आता त्र्यंबकाबद्दल बोलत ते काय? तर मुलगा मधूनच बिघडे. एरवी गाईसारखा गरीब. पण कधी सकाळी उशीर झाला, पान वाढायला वेळ लागला, की त्याच्या कपाळावर घाम येई, तोही थंड. हात थरथरत. बोलताना जीभ अडखळे. आणि डोळ्यांत असा काही परका भाव येई, की समोरच्या बाईने पदर सावरून दोन पावलं मागे सरावं. एकदा सोमवारच्या घरी अशाच अवस्थेत तो यजमानांना म्हणाला, "तुमचं वरण म्हणजे पाणी आहे. डाळ पलीकडच्या तीरावर दिसते." शब्द अगदी खरे होते. त्या घरचं वरण सगळ्या नौपाड्याला ठाऊक होतं. पण वारावर जेवणाऱ्याने असलं खरं बोलायचं नसतं. जेवून झाल्यावर मुलगा पुन्हा गाय! आपण काय बोललो हेही त्याला धड आठवेना. बाईंनी संध्याकाळी विहिरीवर सांगितलं, "बाहेरचं आहे हो काहीतरी. जेवताना शांत होतं. भुकेलं भूत असणार." आणि त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला.

मंगळवारच्या घरी निदान झालं, की इंग्रजी डोक्यात मावत नाही. शनिवारच्या घरी फेफरं ठरलं. एकदा तो घामाघूम होऊन भिंतीला टेकला, तर आजोबांनी आपला जोडा आणवून त्याच्या नाकाशी धरला. मुलगा शुद्धीवर आला तो जोड्याने, की त्याच वेळी कोणी दिलेल्या केळ्याने, याचा विचार कोणी केला नाही. श्रेय जोड्याला गेलं. शेवटी वैद्यबुवांना दाखवलं. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पित्त. लंघन करा." म्हणजे उपास. त्र्यंबकाने आज्ञाधारकपणे सकाळी लंघन केलं आणि दुपारी वर्गात बाकावरून खाली पडला. वैद्यबुवा म्हणाले, "पाहिलंत? पित्त किती होतं ते!"

खरी गोष्ट त्याला पहिल्यांदा कळली ती रस्त्यावर. सुटीला घरी गेला होता, आणि पहाटे काही न खाता पायी परत निघाला होता. मुंज झालेला मुलगा. स्नानसंध्येआधी खायचं नाही, आणि वाटेत संध्या करायची तरी कुठे? कळव्याच्या पुलाअलीकडे येईतो त्याला रस्ता दोन-दोन दिसू लागला. कोणत्या रस्त्याने जावं याचा विचार करतच तो खाली बसला. मागून मालन येत होती. ही त्याच्या गावाशेजारची आगरीण. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ठाण्याला यायची, नौपाड्यात घरोघर वांगी-पडवळ विकायची आणि भाजीबरोबर बातमी फुकट द्यायची.

"आरं पोऱ्या, तुला काय झायलं? पोटान काय हाय का नाय सकालपासून?"

त्र्यंबक तिला म्हणाला, "चालती हो इथून." मालन काही चालती झाली नाही. तिने पाटी उतरवली, कमरेच्या ओटीतून गुळाचा खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"गूळ खा. गुलाला इटाल नसतो. पानी मातर मी देनार नाय. तो वहाल हाय, त्याच्यान जाऊन पी. तुजा बापूस मना वंगाल बोलंल."

त्याने गूळ खाल्ला, रांगत जाऊन ओहोळाचं पाणी प्यायलं, आणि परत येऊन बसतो तोच रस्ता एक झाला. हात थांबले. घाम वाळला. आणि मालनला आपण काय म्हणालो ते आठवून कान तापले.

"चुकलो हो मालनबाई."

"मंग! चालती हो म्हनं. चालतीच हाय मी, तूच बसलास."

पुलावर आल्यावर त्र्यंबकाने खाली पाहिलं. खाडीला ओहोटी होती. भरतीला डौलात उभ्या असलेल्या होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. होडी तीच, नाखवा तोच. पाणी तेवढं नाही. मुलगा हुशार होता. त्याच्या मनात आलं, की भूत एका गुळाच्या खड्याने जात नाही, आणि पित्त तर गुळाने वाढतं. मग हे काय आहे? नाव त्याला ठाऊक नव्हतं, ठाण्यातही कोणाला नव्हतं. म्हणून त्याने स्वतःच ठेवलं: ओहोटी.

त्यानंतर तो स्वतःवर पाळत ठेवू लागला. ओहोटी एकदम येत नाही, आधी वर्दी देते, हे त्याच्या ध्यानात आलं. प्रथम खालचा ओठ बधिर होई. मग पुस्तकातली अक्षरं जोडीने चालू लागत. आणि मग राग. विनाकारण राग आला, पंतोजींचं नाक किंवा शेजाऱ्याचा खोकला असह्य झाला, की समजायचं पाणी उतरतंय. वर्दी मिळाल्याबरोबर गूळ खाल्ला तर काहीच होत नाही. उशीर केला तर गूळ आपल्याच उपरण्याच्या गाठीत आहे हेही सुचत नाही. नुसता गूळ खाऊन बसलं तर थोड्या वेळाने ओहोटी पुन्हा येते, म्हणून गुळामागून मूठभर फुटाणे हवेत. सोमवारचा भात आणि ते प्रसिद्ध वरण चार वाजेपर्यंतही पुरत नाही. बुधवारच्या घरची नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं दिवे लागेपर्यंत धरून ठेवतं. त्यामुळे सोमवारी फुटाणे जास्त. धावायची शर्यत असली की आधी खायचं. असं करत करत मुलाचं बरं चाललं. दंडावरचा काळा दोरा त्याने सोडला नाही. बाईंना वाटलं दोऱ्यानेच गुण आला, आणि वरणात थोडी डाळ वाढली. दोघांचाही फायदा.

राहता राहिला गुरुवार.

गुरुदत्तपंतांचं घर म्हणजे सोवळ्याचा किल्ला. पंत विधुर; घर चालवायची त्यांची थोरली बहीण, रंगूबाई, सगळ्यांची आत्याबाई. नवव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. लाल आलवणात सगळी हयात गेली, चुलीपुढे. जिभेने तिखट, पंतांना अजून 'गुरू' म्हणून हाक मारणारं ठाण्यात तेवढंच एक माणूस होतं. पंतांचा नियम एकच आणि तो त्यांच्या आजोबांपासूनचा: या घरात देवाआधी कोणी तोंडात काही घालायचं नाही. गुरुवारची पूजा लांबलचक. वारावर जेवणाऱ्या मुलानेही विहिरीवर स्नान करायचं, घरची सोवळ्याची लोकरी धाबळी नेसायची आणि पूजेला घंटा वाजवायची. आणि एकदा धाबळी नेसली, की आपल्या नेहमीच्या कपड्यांना शिवायचं नाही. शिवलं की विटाळ, पुन्हा स्नान, पुन्हा पूजेला उशीर.

त्र्यंबकाचा पंचा आणि उपरणं पडवीतल्या खुंटीवर. गूळ उपरण्याच्या गाठीत.

एरवी तो धाबळी नेसण्याआधी विहिरीआड एक खडा तोंडात टाकी. देवाआधी खाल्ल्याचं पाप लागे, पण ओहोटीपेक्षा पाप बरं, असा त्याने हिशेब केला होता. त्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी मात्र पंत स्वतःच विहिरीवर उभे होते. पाहुणे बोलावले होते, आनंदराव वकील आणि आणखी चार प्रतिष्ठित मंडळी, आणि पंतांना सगळं वेळेवर हवं होतं. "चल रे, आटप." त्र्यंबकाने स्नान केलं, धाबळी नेसली. गूळ खुंटीवर राहिला.

पूजा सुरू झाली. त्या दिवशी पंतांचा आवाज लागला होता, आणि ऐकायला वकील होते. त्यामुळे जी स्तोत्रं रोज एकदा होत ती दोनदा झाली. त्र्यंबक घंटा घेऊन शेजारी बसला होता. खालचा ओठ बधिर झाला. त्याने मान वळवून पडवीकडे पाहिलं. उपरणं दिसत होतं, गाठही दिसत होती. उठून हात लांबवला असता तर पोचला असता. पण भर पूजेत, सोवळ्यात, पाहुण्यांसमोर? मग देवघरातल्या समया जोडीने दिसू लागल्या. मग पंतांच्या आवाजाचा राग आला, भयंकर राग, आणि आपल्याला राग आला आहे म्हणजे काहीतरी करायला हवं एवढं त्याला कळलं. काय करायचं ते मात्र आठवेना.

रंगूबाईंनी नैवेद्याचं ताट आणून ठेवलं. भात, वरण, पुरण, आणि चांदीच्या वाटीत गुळाची खीर, वर तुळशीचं पान. पंतांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि म्हणू लागले, "प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा..." पाहुण्यांनीही डोळे मिटले. घंटा वाजत होती. मग अडखळली. मग थांबली.

घंटा थांबलेली पंतांच्या ध्यानात आली, पण त्यांना वाटलं आपली समाधी लागली असावी. त्यांनी सावकाश नैवेद्य पुरा केला, डोळे उघडले, आणि पाहतात तो खिरीची वाटी रिकामी. नुसती रिकामी नाही, लखलखीत.

त्या क्षणी गुरुदत्तपंतांएवढा सुखी माणूस ठाणे जिल्ह्यात नव्हता. आनंदराव वकिलांनी वाटी पाहिली, आणि कोर्टात कमावलेल्या आवाजात ओरडले, "देव जेवला! पंत, देव जेवला!"

नेमकी त्याच वेळी मालन मागल्या दारी भोपळा घेऊन उभी होती. तिला हवं तेवढं ऐकू आलं. भोपळा पायरीवर ठेवून ती निघाली.

ती आणखी थोडी थांबली असती, तर पुढचंही दिसलं असतं. पंतांची नजर देवावरून खाली आली आणि त्र्यंबकावर थांबली. मुलगा घंटा मांडीवर घेऊन बसला होता, घामाने निथळत, आणि त्याच्या खालच्या ओठाला तुळशीचं पान चिकटलं होतं.

त्र्यंबकाच्या डोळ्यांत हळूहळू ओळख परत आली. त्याने वाटी पाहिली, पंतांचा चेहरा पाहिला, आणि ओठावरचं पान काढून हातात घेतलं.

पंत ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "ऊठ. जा इथून. उद्या सगळ्या घरी निरोप जाईल. वार बंद." आता तुम्हीच सांगा, नैवेद्य उष्टा झाला याचा राग एवढा असतो का? एवढा राग, आपण क्षणभर विश्वास ठेवला होता, याचा असतो.

त्र्यंबक ओवरीत जाऊन बसला. बिछान्याची वळकटी बांधली, पुस्तकं फडक्यात बांधली. बापाला काय सांगायचं ते जुळवत राहिला, आणि मधूनमधून फुटाणे खात राहिला, कारण दुःख झालं म्हणून ओहोटी थांबत नाही हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन ओवरीशी आली.

"चल. आत्याबाई बोलावतान. मागल्या दारानं ये. पुढल्या दारी जत्रा भरली हाय."

"कसली जत्रा?"

"देव जेवला नं पंतांकडं! तुला ठाव नाय? आख्ख्या गावाला ठाव हाय."

"कोणी सांगितलं गावाला?"

मालनने पाटी सारखी केली आणि म्हणाली, "मना काय ठाव. लोकांना तोंडां हान."

मागल्या दारी रंगूबाई वाटच पाहत होत्या. त्यांनी त्याला विहिरीच्या काठावर बसवलं. पुढून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"खरं सांग त्र्यंबका. हाव की भूक?"

"भूक नाही, आत्याबाई. ओहोटी." आणि मग त्याने सगळं सांगितलं. ओठ, जोडीने चालणारी अक्षरं, राग, गूळ, फुटाणे, नाचणीची भाकरी, खुंटीवरचं उपरणं. विहिरीआड खाल्लेला खडाही सांगितला. जायचंच आहे, तर लपवायचं कशाला?

रंगूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नवव्या वर्षापासून एकभुक्त आहे मी. एकादश्या तर मोजल्याच नाहीत. भूक काय असते ते मला शिकवू नकोस. पोट ओरडतं, डोकं धरतं, रडू येतं. पण माझे हात कधी असे कापले नाहीत, आणि मी कोण, कुठे आहे हे कधी विसरले नाही. काल समईच्या उजेडात तुझे डोळे पाहिले मी. तू तिथे नव्हतासच." मग डोक्यावरचं आलवण पुढे ओढून त्या म्हणाल्या, "बरं, खीर कशी झाली होती?"

"आठवत नाही, आत्याबाई."

"मेल्या! एवढी वेलची घातली होती."

पुढे खरंच जत्रा होती. अर्धा नौपाडा ओटीवर जमला होता. बायका नारळ घेऊन वाटीच्या दर्शनाला आल्या होत्या. सोमवारच्या बाई तर सर्वांत पुढे. पंत झोपाळ्यावर बसले होते, चेहरा फटफटीत. ते खोटं बोललेले नव्हते. फक्त सकाळपासून ते काहीच बोलले नव्हते. आणि आनंदराव वकील त्यांच्या कानाशी लागले होते. "पंत, गप्प राहा. कबूल करू नका, नाकारूही नका. नाकारलंत तर लोक काय म्हणतील? शिरस्तेदार डोळे मिटून बसले आणि पोराने नैवेद्य ओरपला! हसतील हो. त्यापेक्षा देवच जेवला असू दे. पोरगंही सुटलं, तुम्हीही सुटलात."

त्र्यंबक माजघराच्या दाराशी, झोपाळ्याच्या अगदी मागे उभा होता. त्याला हे ऐकू आलं आणि नीट समजलं. देव जेवला असेल, तर त्र्यंबक जेवलेला नाही. त्र्यंबक जेवला नसेल, तर वार बंद करायचं कारण नाही. सात घरं शाबूत, शाळा शाबूत. त्याने फक्त पंतांसारखं गप्प राहायचं. त्याने ओठाला बोट लावून पाहिलं, बधिर नव्हता. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. पुढे जे केलं ते ओहोटीवर ढकलायची सोय राहिली नाही.

सोमवारच्या बाईंनी वाटीपुढे डोकं टेकलं आणि विचारलं, "पंत, देवाने सगळी खीर घेतली हो? थेंबसुद्धा ठेवला नाही?"

"देवाने नाही," त्र्यंबक म्हणाला. आवाज जरा चिरकला, त्या वयात चिरकतोच. "मी खाल्ली. मला चक्कर आली होती. काकांचे डोळे मिटलेले होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

एकेक बाई नारळ पदराखाली घेऊ लागली. वकिलांनी कपाळावर हात मारला. मागे कोणीतरी फिसकन हसलंही. पंतांनी ते ऐकलं. ते झोपाळ्यावरून उठले.

"खरं आहे," ते म्हणाले. "वाटी या मुलाने रिकामी केली. मला कालच ठाऊक होतं. सकाळीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. या आता."

मंडळी पांगली. सोमवारच्या बाई जाताना मालनला म्हणाल्या, "तू तर म्हणालीस देव जेवला." मालन म्हणाली, "ऐकला तां बोलला. वाटी मी कवा बगली? भोपला घेनार का?"

ओटीवर तिघंच उरले. पंत बहिणीकडे वळले. "अक्का, मुलगा खरा आहे. पण नियम नियम आहे. देवाआधी या घरात कोणी जेवत नाही. आजोबांपासून नाही. उद्या हा पुन्हा असाच झाला तर? मी काय करू? नियम मोडू?"

"तुला मोडायला कोण सांगतंय?" रंगूबाई म्हणाल्या. "तुझ्या देव्हाऱ्यात दत्ताच्या पायाशी कोण आहे रे?"

"कोण म्हणजे? बाळकृष्ण."

"काय करतो?"

"काय करणार? रांगतो. हातात लोण्याचा गोळा."

"रांगतं मूल. आणि त्याला तू सूर्य डोक्यावर येईस्तोवर उपाशी ठेवतोस! वर वकिलांना दाखवायला स्तोत्रं दोन-दोनदा. चांगल्या घरी बाळकृष्णाला उजाडताच बालभोग असतो. लोणी, गूळ, पोहे. आपल्या आजोबांच्या घरीही होता. आई गेल्यावर बंद पडला, कारण पहाटे उठून दाखवायचा कोणी? मी चुलीशी आणि तू अंथरुणात." पंत काही बोलणार होते, पण त्या थांबल्या नाहीत. "नियम तुझाच ठेव, गुरू. देवाआधी कोणी जेवायचं नाही. फक्त देवाला लवकर जेवू घाल. प्रसाद घ्यायला हा मुलगा आहेच. आणि प्रसाद नाकारायचा नसतो, हाही तुझ्याच आजोबांचा नियम."

पंत म्हणजे तीस वर्षं कचेरीत कलमं आणि पोटकलमं पाहिलेला माणूस. पळवाट आणि वाट यांतला फरक त्यांना कळत होता. त्यांनी त्र्यंबकाकडे पाहिलं.

"पहाटे येशील का रे? रोज यावं लागेल. बाळकृष्ण काय फक्त गुरुवारी जेवतो?"

"येईन, काका."

"आणि निरोप?" रंगूबाईंनी विचारलं. "सातही घरी जायचा होता तो?"

"कसला निरोप?" पंत म्हणाले आणि आत गेले.

तेव्हापासून त्र्यंबक उजाडताच येई. बाळकृष्णाला पोहे, गूळ आणि लोणी दाखवलं जाई. बाळकृष्ण दृष्टीने जेवी, उरलेलं काम त्र्यंबक करी. मग शाळेपर्यंत ओहोटी फिरकत नसे. आत्याबाईंनी पोह्यांत मूठभर भाजके चणे घालायला सुरुवात केली. "बाळकृष्णाला आवडतात," त्या म्हणत. कोणत्या पुराणात, ते विचारायची पंतांची हिंमत नव्हती. सोमवारच्या बाईंनीही बालभोग सुरू केला, पंतांपेक्षा मोठा. वैद्यबुवा म्हणाले, माझ्या लंघनाचा गुण उशिरा आला. शनिवारचे आजोबा शेवटपर्यंत जोड्याच्याच बाजूने राहिले.

ओहोटी मात्र गेली नाही. अशा गोष्टी जात नाहीत. त्यांच्याशी जमवून घ्यावं लागतं. परीक्षेच्या धांदलीत, तापात, लांबच्या चालीनंतर ती यायचीच. पुढे त्र्यंबक कल्याणला मास्तर झाला, आणि त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम गूळ आणि फुटाणे असत. वर्गातलं एखादं गरीब पोर उगाचच चिडलेलं दिसलं, की तो छडी घेण्याआधी विचारी, "जेवलास का रे?" खिशाला मुंग्या लागत म्हणून बायको करवादे, ते वेगळं.

पण ठाण्यात अजून जी गोष्ट चवीने सांगतात, ती पंतांची. त्यांनी गुरुवारची पूजा काही आखूड केली नाही. वकील येत, आवाज लागे, स्तोत्रं दोनदा होत. घंटा त्र्यंबकच वाजवी. फक्त एखाद्या गुरुवारी त्या घंटेचा ठेका जरासा चुकला, ऐकणाऱ्याला कळणारही नाही एवढाच, की अक्षर गाळणं हे पाप मानणारे गुरुदत्तपंत मधली तीन स्तोत्रं गिळून थेट नैवेद्यावर येत. "प्राणाय स्वाहा" म्हणत डोळे मिटत.

एकच डोळा. दुसरा किलकिला असे, वाटीवर. मुलासाठी, असं रंगूबाई म्हणत. मालनचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, पंतांना अजून आशा हाय.